लिनक्स मिंट: वाचनालयातल्या तीन म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर एक वर्ष

मी कॉम्प्युटरवाली नाही, ग्रंथपाल आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आमचं तालुका 'ब' वर्गाचं वाचनालय आहे. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचा एक कॉम्प्युटर आणि बालविभागाची दोन कपाटं गेली. तेव्हापासून विजेवर चालणारं सगळं वरच्या मजल्यावर असतं. त्यात तीन डेस्कटॉप: देवघेवीच्या टेबलावर एक, अभ्यासिकेत मुलांसाठी एक आणि ऑफिसात हिशेबनीस काकांच्या ताब्यात एक. पहिल्या दोघांत दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. काकांचा जरा सुखवस्तू, त्यात ८ जीबी.

मे २०२५पासून या तिघांवर लिनक्स मिंट आहे, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम. काकांच्या मशीनवर अर्धा मिंट आणि अर्धा विंडोज, त्याची गंमत पुढे येईलच. आजूबाजूच्या चार वाचनालयांतून "मिंट टाकू का हो ताई?" असे फोन येऊन गेले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी आमचा दुरुस्तीचा इतिहास सांगायला हवा. कॉम्प्युटर बिघडला की गावातला एक दुरुस्तीवाला मुलगा यायचा, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघायचा आणि म्हणायचा, "मॅडम, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारायला लागतंय." पाचशे रुपये. हँग होतंय? फॉरमॅट. नेट चालत नाही? फॉरमॅट. खोकल्याला आणि मोडलेल्या हाताला एकच गोळी.

एकदा देवघेवीच्या मशीनवर एकही वेबसाइट उघडेना. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच यायचं. फॉरमॅट झाला. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा तेच. शेवटी अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलानं (बीसीएस झालेला आहे, स्पर्धा परीक्षा देतो) स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तारीख होती १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तो संपला होता. आमचे शिपाई मामा रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करायचे आणि कॉम्प्युटरचं घड्याळ थेट २०१२मध्ये जाऊन बसायचं. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अलीकडची. २०१२मध्ये बसलेल्या ब्राउझरला वाटायचं की यांची मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून तो दार उघडत नव्हता. घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांचा सेल आणला आणि विषय संपला.

पण त्या फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवरची एक्सेलची फाइल गेली होती. दाखल क्रमांकासह अकराशे पुस्तकांची यादी. मी आणि मामांनी दोन उन्हाळे बसून केलेली. "डी ड्राइव्हला ठेवायची ना मॅडम" असं वर मलाच ऐकवलं गेलं. बॅकअप न ठेवण्याची चूक माझीच. तरी चाळीस रुपयांच्या सेलपायी अकराशे नोंदी गेल्या हे मी विसरलेले नाही. पुढचं सगळं वाचताना हा राग हिशेबात धरा.

त्यात विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारा आधार (अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार हे जाहीर झालेलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचे दुसऱ्या पिढीचे. तीन नव्या मशीनचं कोटेशन मी कार्यकारिणीपुढे ठेवलं. अध्यक्षांनी तो कागद इतक्या हळुवार घडी घालून फायलीत ठेवला की मला उत्तर कळलं.

तेव्हा त्याच बीसीएसवाल्या मुलानं एक पेनड्राइव्ह आणला. मिंट हा क्लेमां लेफेव्र नावाच्या फ्रेंच माणसानं २००६मध्ये सुरू केलेला प्रकल्प. उबुंटू नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सच्या पायावर उभा आणि फुकट. मला आवडलं ते हे की हार्ड डिस्कला हातही न लावता पेनड्राइव्हवरूनच तो चालवून बघता येतो. आठवडाभर आम्ही तसाच बघितला. आवाज येतो का, स्क्रीन नीट दिसते का, नेट लागतं का. नेट लागलं नाही. आमचा यूएसबीचा वायफायचा ठोकळा मिंटला ओळखता येईना. त्या ठोकळ्याच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर (तिला चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं. मुलानं खिशातला मोबाइल केबलनं जोडला, 'यूएसबी टेदरिंग' सुरू केलं आणि नेट लगेच लागलं. हे लक्षात ठेवा. नव्या मशीनवर वायफाय नसेल तर पहिल्या तासाभराचा आधार म्हणजे मोबाइलची केबल. पुढे आम्ही राउटरपासून तार ओढून घेतली आणि तो ठोकळा आता टेबलावर कागदं उडू नयेत म्हणून ठेवलाय.

वेगाबद्दल खरं सांगते, कारण यावर लोक थापा मारतात. मिंट टाकल्यावर आमचे कॉम्प्युटर पळायला लागले, पण त्याच दिवशी आम्ही जुन्या हार्ड डिस्क काढून तिथे २४० जीबीच्या एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, बसवल्या होत्या, प्रत्येकी पंधरा-सोळाशे रुपयांच्या. निम्म्याहून जास्त श्रेय त्यांचं. निव्वळ वेगासाठी मिंट टाकणार असाल तर आधी एसएसडी बदलून बघा. मिंटचे तीन अवतार मिळतात. ४ जीबीवाल्या दोघांवर हलका एक्सएफसीई टाकला आणि काकांच्या मशीनवर दिसायला देखणा सिनॅमन. अभ्यासिकेत क्रोमच्या वीस टॅब उघडल्या की एक्सएफसीईही गुदमरतो. ४ जीबी म्हणजे ४ जीबीच.

मला मिंट पटला तो त्याच्या दप्तरामुळे. वाचनालयात आवक-जावक रजिस्टर असतं, दाखल नोंदवही असते. एखादं पुस्तक सापडलं नाही तर आम्ही कपाटं रिकामी करत नाही, आधी नोंद बघतो. मिंट तसाच वागतो. काय सुरू झालं, काय पडलं, कुठल्या सेकंदाला, कशामुळे, सगळं लिहून ठेवतो, आणि मेनूत 'लॉग्ज' नावाचं खिडकीवजा रजिस्टर असतं त्यात ते वाचता येतं. भाषा इंग्रजी आणि रूक्ष असते, पण चूक झालेली ओळ सापडली की ती जशीच्या तशी इंटरनेटवर शोधता येते, आणि बहुतेक वेळा जगात कुणीतरी आधी त्याच खड्ड्यात पडलेलं असतं. विंडोजमध्येही 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचं असंच रजिस्टर असतं हे मला नंतर कळलं. आमच्याकडे येणाऱ्यांनी ते कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता काकांचं मशीन. त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून तिथे दोन्ही ठेवलं. सुरू करताना कुठलं हवं ते विचारतं. आठवडाभरानं काका माझ्याकडे आले, हातात पावती. "बाई, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी वर्गणी कुणी भरली?" पावतीवर खरंच ५.१० होते. मामांनी शपथेवर सांगितलं की कुलूप आपणच साडेनऊला उघडलं. मला आधी सेलच आठवला, पण सेल संपला तर घड्याळ वर्षांनी मागे जातं. हे नेमकं साडेपाच तासांनी मागे होतं. रोज तेवढंच.

साडेपाच तास म्हटल्यावर कुठल्याही भारतीय माणसाच्या डोक्यात ग्रीनिच यायला हवं. माझ्या आलं नाही, मुलाच्या आलं. मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहून ठेवतो आणि स्क्रीनवर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतो. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजून जशीच्या तशी दाखवतो. सकाळी मिंट वापरून मग विंडोज सुरू केलं की पावणेअकराला पाच मिनिटं कमी असताना काकांची पावती पहाटे ५.१०ची निघायची. दोघांपैकी कुणीच चुकीचं नाही, दोघांचा करार झाला नव्हता. मिंटला 'घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' असं एका ओळीच्या आज्ञेनं सांगता येतं. सांगितलं, मिटलं. काकांनी मात्र ती पावती 'वेळ चुकीची, कारण कॉम्प्युटर' असा शेरा मारून, सही करून फायलीला लावली आहे.

प्रिंटरनं मात्र रडवलं. आमचा काळ्या-पांढऱ्याचा छोटा लेझर प्रिंटर आहे, पंधरा वर्षांचा. या जातीच्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं, दरवेळी चालू केला की कॉम्प्युटरनं त्याच्यात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, भरावं लागतं. मिंटनं प्रिंटर लगेच ओळखला, त्याचं पूर्ण नाव दाखवलं, आम्ही खूश. कागद मात्र हलेना. त्या कंपनीचं एक प्लगिन वेगळं उतरवावं लागतं, ते मुक्त परवान्यात बसत नसल्यानं मिंटबरोबर येत नाही. हे कळायला दोन दिवस गेले, बसवायला चार मिनिटं.

मग जुलैत कागद अडकला. काढला, तरी प्रिंट येईना. त्या दिवशी कुठल्याशा परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती, अभ्यासिकेत गर्दी, आणि जो तो येऊन प्रिंटचं बटण दाबून जातोय. मिंटमध्ये छपाईचं काम 'कप्स' नावाची व्यवस्था बघते. एखादं काम बिनसलं की ती प्रिंटरलाच थांबवून ठेवते, आणि माणसानं 'पुन्हा सुरू कर' म्हणेपर्यंत पुढची सगळी कामं रांगेत उभी. तोपर्यंत प्रिंटर बंद करून चालू करा, केबल काढून लावा, काही उपयोग नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', विसर्गासारखी दोन टिंबं आणि ६३१ असं लिहिलं की कप्सचं पान उघडतं. तिथे 'पॉज्ड' लिहिलेलं. 'रिझ्यूम' दाबलं आणि चौदा अर्ज धडाधड बाहेर आले. त्यातले अकरा एकाच मुलीचे.

विंडोजवर राहणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत भेटते. रांगेतलं काम डिलीट केलं तरी 'डिलीटिंग' म्हणत तिथेच लटकतं. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, सिस्टिम ३२च्या आतल्या 'स्पूल' फोल्डरमधल्या 'प्रिंटर्स' फोल्डरात पडलेल्या फायली पुसायच्या (फोल्डर नाही, फायली), आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. यासाठी पाचशे रुपये देऊ नका.

मराठीचं काय, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. टंकलेखनाला काही अडचण नाही. कीबोर्डच्या यादीत मराठीचं इनस्क्रिप्ट मिळतं, आणि ज्यांना रोमन उच्चारावरून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी कगप नावाचा आराखडाही आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' लिहिताना अडणाऱ्यांना सांगते: इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टबरोबर जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडायचा आणि य लिहायचा. बरोबर उमटतं. मेनू मराठीत करून बघितले, पण निम्मे शब्द मराठी आणि निम्मे इंग्रजी निघाले. पंगतीत अर्ध्यांना श्रीखंड आणि अर्ध्यांना आइस्क्रीम वाढल्यासारखं. परत इंग्रजीवर आणले.

खरी अडचण जुन्या फायलींची. आमची २००५पासूनची इतिवृत्तं कृतिदेवसारख्या फॉन्टांत आहेत. युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या या फॉन्टांत मराठी अक्षराचं नुसतं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. कृतिदेवात 'य' लिहिला की आत साठतो तो अर्धविराम. फॉन्ट असेल तर 'वाचनालय' दिसतं, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मिंटमध्ये ते फॉन्ट नसतात. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या वर्षीचं इतिवृत्त उघडलं आणि पोटात गोळा आला, वाटलं हीसुद्धा फाइल गेली. काही गेलं नव्हतं. काकांच्या विंडोजमधून फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, मिंटमध्ये तिच्यावर दोनदा टिचकी मारली, 'इन्स्टॉल' म्हटलं, आणि सभासदांची नावं जागेवर आली. आता मी एकेक वर्ष युनिकोडमध्ये बदलून घेतेय. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. २०११पर्यंत आलेय.

अभ्यासिकेसाठी मिंटमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे पाहुण्यांचं खातं. लॉगिनच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन'ला परवानगी देता येते, मुळात ती बंद असते. पाहुणा म्हणून आत जायचं, हवं ते करायचं, बाहेर पडलं की त्याचं सगळं पुसलं जातं. पूर्वी त्या मशीनवर रोज नवा वॉलपेपर असायचा, बहुतेक सिनेमाच्या नट्यांचा, आणि कुणाचं ना कुणाचं ईमेल उघडं राहिलेलं. ते बंद झालं. पण एका मुलीनं दोन तास बसून भरलेल्या अर्जाची पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवली आणि चहाला जाताना शहाण्यासारखं लॉगआउट केलं. परत आली तर काही नाही. ती रडली, मी तिच्याबरोबर बसून अर्ज पुन्हा भरला. आता मॉनिटरच्या कडेला मामांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'येथे ठेवलेले जाते. पेनड्राइव्ह आणावा.'

माझी स्वतःची मोठी चूक टाइमशिफ्टची. टाइमशिफ्ट हे मिंटबरोबरच येतं. ते सिस्टिमची छायाप्रत काढून ठेवतं आणि एखादा अपडेट बाधला तर कालच्या स्थितीला परत नेतं. आमच्याकडे एकदा अपडेटनंतर स्क्रीनचं रिझोल्यूशन बिघडून सगळी अक्षरं आडवी फुगलेली, दहा मिनिटांत आदल्या दिवशीवर गेलो. फॉरमॅटला याहून चोख उत्तर नाही. फक्त एक समजून घ्या: ते मुळात सिस्टिमच्या फायली राखतं. तुमची पत्रं, याद्या, फोटो त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. मला हे अर्धवट कळलं, आणि अकराशे नोंदींची जखम ओली होती. म्हणून मी सेटिंगमध्ये घरची सगळी फोल्डरंही सामील करून टाकली, रोजच्या पाच प्रती ठेव म्हणाले, आणि प्रती त्याच डिस्कवर.

माझ्या त्या घरच्या फोल्डरांतच आम्ही परीक्षांच्या पीडीएफ आणि व्याख्यानांचे व्हिडिओ उतरवून ठेवत होतो. जागा कमी पडली की मी व्हिडिओ पुसायची. पण पुसलेला व्हिडिओ छायाप्रतींत जिवंतच. सप्टेंबरमधल्या एका सोमवारी पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्ड विचारायला आली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पासवर्ड चुकला तर तो चुकला म्हणून सांगतो. इथे तो बरोबर आहे असं मान्य करून मला दारातून परत पाठवत होता. कार्यवाह सर म्हणाले, "व्हायरस." काका म्हणाले, "मी सांगत होतो."

मुलगा नेमका परीक्षेला पुण्याला. फोनवर त्यानं सांगितलं: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा. सगळी चित्रं जाऊन काळ्या पडद्यावर नुसतं नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ आली. तिथून आत गेले. डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी दोन अक्षरी आज्ञा आहे, डीएफ. उत्तर आलं: १०० टक्के. शंभर टक्के भरलेल्या डिस्कवर डेस्कटॉप उभा राहताना त्याला ज्या बारीकसारीक फायली लिहाव्या लागतात त्यांनाच जागा नव्हती, म्हणून तो उभा राहायचा आणि पडायचा. फोन कानाला लावून मी टाइमशिफ्टच्या जुन्या प्रतींची यादी मागवली आणि एकेक पुसली. तिसऱ्या प्रतीनंतर पुन्हा लॉगिन केलं, डेस्कटॉप आला. मामांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून घरची फोल्डरं टाइमशिफ्टमधून काढली, त्यांची प्रत दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते आणि ती डिस्क कपाटात, दुर्मीळ ग्रंथांच्या शेजारी कुलपात असते.

वीज गेल्यावर होणारा प्रकारही ओळखीचा करून घ्या, कारण तो दिसायला भयंकर आहे. आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. पावसाळ्यात दुपारी दिवे गेले, आले, आणि देवघेवीचं मशीन काळ्या पडद्यावर 'इनिट-रॅम-एफएस' असा कंसातला शब्द दाखवून थांबलं. पूर्वीची मी असते तर दुरुस्तीवाल्याला फोन लावला असता. वरची ओळ वाचली. डिस्कच्या कुठल्या भागाची तपासणी हातानं करावी लागेल ते तिथे नावासकट लिहिलेलं होतं. एफ, एस, सी, के ही आज्ञा, म्हणजे 'फाइल सिस्टिम चेक', पुढे त्या भागाचं नाव, आणि प्रत्येक दुरुस्तीला 'हो' म्हणत बसायला लागू नये म्हणून शेवटी आडवी रेघ आणि वाय. दोन मिनिटं ओळी धावल्या. मग 'एक्झिट' लिहिलं आणि मशीन सुरू झालं. त्याच आठवड्यात पुन्हा झालं तेव्हा मात्र 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये जाऊन एसएसडीची तब्येत बघितली, कारण हे वारंवार व्हायला लागलं तर डिस्क जाण्याच्या मार्गावर असू शकते. तब्येत ठणठणीत होती. यूपीएसला नवी बॅटरी बसवल्यावर पुन्हा नाही झालं.

वर्षभरातली एक तक्रार तर कुठल्याच सिस्टिमच्या माथी मारता येत नाही. मशीन सुरूच होईना, नुसतं टी-टी-टी करायचं. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कडा खोडरबरनं घासायची, फुंकर न मारता कोरड्या कापडानं पुसायची, परत 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची. नदीकाठच्या दमट हवेत हे वर्षातून दोनदा करावं लागतं. आता मामा करतात, बालविभागातला खोडरबर घेऊन.

मिंट कुणी घेऊ नये? ज्यांचं सगळं काम एखाद्या विंडोजच्या सॉफ्टवेअरवर अडलंय त्यांनी. ते आडमार्गानं मिंटवर चालवता येतं असं मुलं सांगतात, पण हिशेबाच्या बाबतीत मी प्रयोग करणार नाही. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेल्या एक्सेल फायली ज्यांना रोज लागतात त्यांनीही. एक्सेल-वर्डच्या जागी मिंटबरोबर येणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये साध्या याद्या, पत्रं, बेरजा नीट होतात, अनुदानाच्या तक्त्यांच्या मोडलेल्या रेघा मात्र मी प्रत्येक वेळी हातानं सरळ केल्या आहेत. आणि ज्यांच्या जवळपास तसा एकही मुलगा नाही त्यांनी जरा थांबावं. फोन उचलणारी कंपनी यामागे नाही.

उतरवताना एक काळजी घ्या. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्या वेबसाइटवरच हल्ला झाला होता आणि काही तास तिथली लिंक चोरदार ठेवलेल्या बनावट फाइलकडे नेत होती. मिंटवाल्यांनी ते स्वतः लगेच जाहीर केलं, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. पण तेव्हापासून शहाणे लोक उतरवलेल्या फाइलची ६४ अक्षरांची ओळखखूण साइटवर दिलेल्या खुणेशी ताडून बघतात. आम्हीही बघितली. मी वाचत गेले, मामा बोटानं एकेक अक्षर ताडत गेले, मुलगा हसत बसला होता, कारण हे कॉम्प्युटरच दोन सेकंदांत करतो.

मिंटच्या २२ या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आम्ही २२.१ टाकला होता, मधे २२.२ आला तेव्हा अपडेट मॅनेजरच्या मेनूतूनच वर चढलो. काही पुसलं गेलं नाही. यादीत परत आलेली नऊशे तीस पुस्तकं जागेवर आहेत, उरलेली एकशे सत्तर या उन्हाळ्यात होतील.

स्कॅनर अजून चालत नाही. मिंट त्याला ओळखतो, दिवा लागतो, आतली पट्टी अर्ध्यापर्यंत जाते आणि घरघर करून परत येते. लॉगमधली ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे. तोवर कुणाला आधार कार्ड स्कॅन करायचं असलं की आम्ही काकांच्या खोलीत जातो, आणि काका खुर्ची मागे सरकवत विचारतात, "काय, आमच्याकडेच यायला लागलं ना?"